दृष्टिपटलाचा उभा छेद : ओसीटी तपासणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही

फ्रीमाँट : चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला आपण ऑप्टोमेट्रिस्टकडे जातो. काउंटरवरची मुलगी विम्याचे कार्ड मागते, फॉर्म पुढे सरकवते आणि मग सहज विचारते, की यंदा स्कॅनही करायचा का? विम्यात येत नाही, चाळीस डॉलर वेगळे पडतील. मागे रांगेत कोणी उभे असते, दुपारची मीटिंग गाठायची असते. आपण ‘नको’ म्हणतो आणि खुर्चीवर जाऊन बसतो. प्रस्तुत लेखकानेही सात-आठ वर्षे हेच उत्तर दिले. तो स्कॅन म्हणजे नेमके काय, तो कोणासाठी आवश्यक आणि कोणासाठी ऐच्छिक, हे विचारण्याची तसदी घेतली नाही.

ती तसदी घ्यावी लागली वडिलांमुळे. ते विदर्भात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांना पायरी चुकू लागली, दाराच्या चौकटीला उजवा खांदा लागू लागला. दोनदा चष्मा बदलला. ‘वय झाले’ हे निदान घरातल्या सर्वांनी एकमताने केले होते. अखेर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, की उजव्या डोळ्याची नस जवळजवळ संपली आहे आणि डाव्याचीही निम्मी गेली आहे. काचबिंदू. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत आणता येत नाही. हे आम्हाला कळले तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते.

आपल्या घरापुरते हे दुर्दैव असेल, पण ते अपवादात्मक मुळीच नाही. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत झालेल्या मोठ्या लोकसंख्याधारित पाहण्यांत ओपन-अँगल प्रकारच्या काचबिंदूचे जे रुग्ण सापडले, त्यांतल्या दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना तोवर आपल्या आजाराचा पत्ताच नव्हता. या आजारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. कडेचे जग मात्र हळूहळू पुसले जाते, आणि एका डोळ्याला न दिसणारे दुसरा डोळा दाखवत राहतो, म्हणून उणीव जाणवत नाही.

काउंटरवर ज्याला नुसते ‘स्कॅन’ म्हणतात, ती बहुधा ओसीटी असते. ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. बहुधा असे म्हणण्याचे कारण, काही दवाखाने याच वाक्यात दृष्टिपटलाचा रुंद फोटो काढण्याची सेवा विकतात. तो फोटो म्हणजे जमिनीचा वरून घेतलेला नकाशा. ओसीटी म्हणजे विहीर खणताना दिसणारा मातीच्या थरांचा उभा छेद. दोहोंचे उपयोग वेगळे, म्हणून पैसे देण्याआधी ‘कोणता स्कॅन’ हे विचारून घ्यावे.

या यंत्राचा फ्रीमाँटशी असलेला संबंध येथे राहणाऱ्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतो. आठशेऐंशी महामार्गाच्या खाडीकडल्या बाजूला, बेव्ह्यू ड्राइव्हवर, ऑप्टोव्ह्यू नावाची कंपनी होती. झाइसमध्ये ओसीटीवर काम केलेल्या जे वेई यांनी ती उभारली. २००६ मध्ये तिने आरटीव्ह्यू हे यंत्र आणले. फूरिए पद्धतीने चालणाऱ्या आणि अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळालेल्या पहिल्या पिढीतले ते अग्रणी यंत्र. पुढे ही कंपनी व्हिजनिक्स समूहात गेली. येथून सहाशेऐंशी महामार्गाने वर गेले, की डब्लिन लागते. तेथे झाइसच्या नेत्रविभागाचे ठाणे आहे. आणि ज्या हम्फ्री कंपनीने १९९६ मध्ये बाजारात पहिले ओसीटी यंत्र आणले, ती याच खाडीकाठच्या सॅन लिआंड्रोची. म्हणजे पुण्या-नागपूरच्या दवाखान्यात ज्या खिडकीला कपाळ टेकून आपले आईवडील हिरव्या खुणेकडे पाहत बसतात, ती खिडकी अनेकदा आपल्या रोजच्या रस्त्यावरून गेलेली असते.

तत्त्व मात्र याहून जुने आहे. सोनोग्राफीत ध्वनी शरीरात सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून अवयव किती खोल आहे ते ठरवतात. ओसीटीत ध्वनीऐवजी प्रकाश असतो, डोळ्याला फारसा न जाणवणारा, सुमारे ८४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. अडचण अशी, की दहा मायक्रॉन अंतर तोडायला प्रकाशाला सुमारे ३३ फेम्टोसेकंद लागतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. इतका सूक्ष्म काळ थेट मोजणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही.

म्हणून काळ मोजायचाच नाही, अशी युक्ती काढली गेली. तिचे मूळ अल्बर्ट मायकेलसन यांच्या इंटरफेरोमीटरमध्ये आहे. (मायकेलसन यांचे शालेय शिक्षण सॅन फ्रान्सिस्कोत झाले होते, बे एरियातल्या वाचकांना हा योगायोग आवडावा.) प्रकाशाचा एक झोत दोन भागांत विभागतात. एक भाग डोळ्यात जातो, दुसरा यंत्रातल्या आरशाकडे. दोन्ही परत येऊन मिळतात तेव्हा त्यांनी तोडलेले अंतर जुळत असेल तरच तरंगांचे व्यतिकरण दिसते. लेसरच्या प्रकाशाला अंतरातला बराच फरक चालतो. म्हणून येथे मुद्दाम असा प्रकाश वापरतात, की अंतरात काही मायक्रॉनांचा फरक पडला तरी जुळणी मोडावी. जुळणी झाली की कळते, आरसा जितक्या अंतरावर आहे तितक्याच अंतरावरून डोळ्यातला हा प्रकाश परतला. नावातल्या ‘कोहिरन्स’चा अर्थ हाच : तरंगांची परस्परसंगती.

सुरुवातीच्या यंत्रांत आरसा प्रत्यक्ष मागेपुढे सरकवावा लागे. २००२ मधील स्ट्रॅटस यंत्र सेकंदाला अशी ४०० उभी मापे घेई. डोळा तेवढा वेळ स्थिर राहत नाही, त्यामुळे चित्र थरथरे. फूरिए पद्धतीत आरसा स्थिर असतो. परतलेल्या प्रकाशाचे रंगपट्ट्यात विश्लेषण करून सगळ्या खोलींची माहिती एकदम गणिताने काढली जाते. आरटीव्ह्यूचा वेग सेकंदाला २६,००० मापे इतका झाला आणि खोलीतली बारकाई पाच मायक्रॉनांवर आली. केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

या तंत्राचा पहिला शोधनिबंध नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याचे प्रथम लेखक डेव्हिड हुआंग तेव्हा विद्यार्थी होते; एमआयटीचे जेम्स फुजिमोटो हे त्यांचे मार्गदर्शक आणि एरिक स्वॉन्सन हे लिंकन प्रयोगशाळेतले अभियंता. त्या निबंधातले दृष्टिपटल मृतदेहातून काढलेले होते; जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाची चित्रे दोन वर्षांनी आली. २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान जगभर दरवर्षी कोट्यवधी डोळ्यांची ओसीटी होऊ लागली होती.

दृष्टिपटलाच्या आजारांत या यंत्राने काय बदलले, हे मधुमेहाच्या उदाहरणावरून चटकन समजते आणि आपल्या समाजात हे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. मधुमेहात दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या झिरपू लागतात. पीतबिंदू, म्हणजे ज्या ठिपक्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तो भाग, या पाण्याने सुजतो. निरोगी पीतबिंदूची मध्यभागी जाडी साधारण अडीचशे मायक्रॉनांच्या आसपास असते. सूज आली की ती चारशे, पाचशेवर जाते आणि छेदचित्रात थरांमध्ये काळ्या पोकळ्या दिसतात. पूर्वी ही सूज डॉक्टर भिंगातून नजरेने जोखत. आता ती आकड्यात येते. डोळ्यात दिली जाणारी अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शने लागू पडत आहेत की नाही, पुढचे कधी द्यायचे, हे त्या आकड्यावर ठरते. वार्धक्यात पीतबिंदूमागे नव्या वाहिन्या फुटण्याच्या विकारातही असेच होते. दर महिन्याला आंधळेपणाने इंजेक्शन देण्याऐवजी गरजेप्रमाणे देता आल्यामुळे २००८ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या मेडिकेअरचे सुमारे नऊ अब्ज डॉलर वाचले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यात सुई कमी वेळा गेली, हा लाभ रुग्णाच्या दृष्टीने त्याहून मोठा म्हटला पाहिजे.

काचबिंदूचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि गैरसमजही तेथेच अधिक होतात.

प्रत्येक डोळ्यात दहा-बारा लाख चेतातंतू दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावरून धावत एका ठिकाणी गोळा होतात आणि दोर वळावा तसे वळून मेंदूकडे जातात. काचबिंदूत हे तंतू मरतात. पारंपरिक दृष्टिक्षेत्र चाचणीत, म्हणजे अर्धगोलात डोके ठेवून दिवा दिसला की बटण दाबायच्या चाचणीत, निश्चित दोष उमटेपर्यंत पाव ते एकतृतीयांश तंतू गेलेले असू शकतात. ओसीटी नसेच्या तोंडाभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखते आणि त्या परिघावर तंतूंच्या थराची जाडी मोजते. निरोगी प्रौढात ती सरासरी नव्वद-शंभर मायक्रॉनांच्या घरात असते. म्हणून आजार रुग्णाला जाणवण्याच्या कितीतरी आधी तो कागदावर दिसू शकतो. वडिलांच्या बाबतीत साठीच्या सुरुवातीला कोणी हे वर्तुळ आखले असते तर, हा विचार मनात येतो; तो तेथेच सोडून द्यावा लागतो.

डोळ्यातला दाब मोजून भागत नाही का, असा प्रश्न येईल. पारा मोजमापात २१ ही सीमा अनेकांना पाठ असते. पण दाब त्याखाली असूनही काचबिंदू होतो. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ या काळात झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’त तीस वर्षांवरील ४,७११ जणांना तपासले गेले, तेथील सरासरी दाब चौदाच्याही आत होता. अशा माणसाला अठरा हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सांगितला जातो तेव्हा त्या शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

तर वडिलांचे कळल्यावर मी चाळीस डॉलर भरले. कागद हातात आला आणि दोन्ही डोळ्यांच्या वर्तुळांत वर-खाली लाल पाचरी होत्या. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काठावर, लाल म्हणजे धोका, एवढे सिग्नलचे ज्ञान कोणालाही असते. त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलच्या उजेडात एक डोळा झाकून खोलीचे कोपरे मोजत बसलो, हे लिहिताना आता थोडे हसू येते.

दोन आठवड्यांनी काचबिंदूच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, की चष्म्याचा नंबर किती? उणे सात. मग त्यांनी जे समजावले ते प्रत्येक लघुदृष्टी माणसाने ऐकावे असे आहे. यंत्रातला लाल रंग आजार सांगत नाही, क्रमवारी सांगतो. कंपनीने काही शे निरोगी लोकांचे डोळे मोजून एक नमुनासंच तयार केलेला असतो. त्याच वयाच्या शंभर निरोगी माणसांत आपली जाडी शेवटच्या एकात बसत असेल तर लाल, शेवटच्या पाचांत असेल तर पिवळा. त्या काही शे लोकांत भारतीय वंशाचे किती आणि मोठ्या नंबरचे किती, यावर तुलनेचे मोल ठरते आणि दोन्हींचे प्रमाण सहसा अल्प असते. मोठ्या नंबरचा डोळा लांबट असतो. त्यात तंतूंचे जाड जुडगे नेहमीच्या जागेवरून कानशिलाच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र जेथे जाड थर शोधते तेथे तो नसतो, म्हणून लाल. जेथे तो असतो तेथे यंत्राला कौतुक नसते. डॉक्टर मंडळींत याला ‘रेड डिसीज’ असे गमतीचे नाव आहे. उलट बाजूचा ‘ग्रीन डिसीज’ अधिक घातक : ज्याची जाडी मुळात एकशे दहा होती आणि आता पंचाऐंशीवर आली आहे, त्याचे पंचवीस मायक्रॉन गेले तरी कागद हिरवाच राहतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की ओसीटीचा एक कागद फार थोडे सांगतो. कागदांची मालिका पुष्कळ सांगते. वयोमानाने वर्षाला साधारण अर्धा मायक्रॉन झीज सर्वांचीच होते. एकाच यंत्रावर एकाच दिवशी दोनदा मोजले तरी चार-पाच मायक्रॉनांचा फरक पडू शकतो. त्यापलीकडची घट पुन्हा केलेल्या स्कॅनमध्येही टिकून राहिली, तर ती खरी मानतात. माझे आकडे चार वर्षांत हललेले नाहीत. लाल पाचरी तशाच आहेत. निदान ‘संशयित’ या शब्दावर थांबले आहे, आणि दरवर्षी दिव्याचे बटण दाबायला जावे लागते.

दृष्टिक्षेत्र चाचणी त्यासाठीच टिकून आहे. ओसीटी रचना दाखवते, दिसते किती हे दाखवत नाही. आजार पुढे गेला आणि जाडी पन्नास मायक्रॉनांच्या आसपास आली, की थरात उरलेल्या आधारपेशी व रक्तवाहिन्याच मोजल्या जातात आणि आकडा खाली सरकेनासा होतो. वडिलांच्या उजव्या डोळ्याचा आकडा असाच स्थिर आहे. त्यातून समाधान मानण्यासारखे काही नाही.

याच यंत्राचा पुढचा अवतार म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी. एकाच जागेचे छेद झटपट पुन्हापुन्हा घेतले, तर स्थिर उती तशीच राहते आणि वाहते रक्त तेवढे बदलते. तो बदल वेगळा काढला की शिरेत रंगद्रव्य न टोचता केशवाहिन्यांचे जाळे दिसते. ऑप्टोव्ह्यूच्या अँजिओव्ह्यूला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र वाहिनीतून पाझर होतो आहे की नाही, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी जुनी रंगद्रव्याची तपासणी अजून लागते.

आणखी एक मर्यादा नेत्रतज्ज्ञ आवर्जून सांगतात. नेहमीची ओसीटी दृष्टिपटलाचा मधला भाग पाहते. कडेला पडलेले छिद्र, सुटू लागलेला पडदा तिच्या चौकटीबाहेर राहतो. अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखे दिसले, तर बाहुली मोठी करून तपासण्याला पर्याय नाही. आशियाई लोकांत अधिक आढळणारा कोन बंद होण्याचा काचबिंदू ओळखायला डोळ्यावर भिंग टेकवून कोन पाहावा लागतो. ‘स्कॅन केला, आता थेंब टाकायची गरज नाही’ असे काउंटरवर कोणी म्हणाले, तर ते सोयीचे बोलणे आहे, वैद्यकीय नव्हे.

मग चाळीस डॉलर द्यावेत का? अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२२ मध्ये असे मत दिले, की लक्षणे नसलेल्या सर्व प्रौढांची काचबिंदूसाठी सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. दुसरीकडे नेत्रतज्ज्ञांची अकादमी चाळिसाव्या वर्षी एकदा संपूर्ण नेत्रतपासणीचा सल्ला देते. माझे मत विचाराल, तर घरात काचबिंदू नाही, मधुमेह नाही, नंबर लहान आहे अशा तिशीतल्या माणसाने पैसे वाचवले तरी बिघडत नाही. ज्याच्या आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू आहे, त्याची गोष्ट वेगळी. रॉटरडॅममधील १९९८ च्या अभ्यासात रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता २२ टक्के आढळली; इतरांत ती २.३ टक्के होती. मधुमेहींनी टाइप दोनचे निदान झाल्याबरोबर आणि नंतर साधारण दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्यावे. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनीही सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी.

अशा लोकांनी ऐच्छिक स्कॅनच्या वाटेला जाऊच नये. धोका नोंदवून घेतला, की ही तपासणी अनेकदा चष्म्याच्या विम्याऐवजी वैद्यकीय विम्याखाली येते. म्हणून वेळ घेताना फोनवरच ‘वडिलांना काचबिंदू आहे’ हे सांगावे. फॉर्मवरचा कौटुंबिक इतिहासाचा रकाना आपण घाईत कोरा सोडतो. तो रकाना चाळीस डॉलरांहून महाग आहे.

आईवडील सहा महिन्यांसाठी येथे येतात तेव्हा त्यांचे डोळे येथेच दाखवून घेऊ, असा बेत अनेक घरांत होतो. प्रवासी विम्यात जुने आजार बहुधा वगळलेले असतात, आणि पुण्यात, मुंबईत, नागपुरात ही यंत्रे आहेत, खर्चही पुष्कळ कमी आहे. त्याहून महत्त्वाचे कारण सातत्याचे. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडता येत नाही; जुन्या आणि नव्या यंत्रांत पीतबिंदूच्या जाडीत पन्नासहून अधिक मायक्रॉनांचा फरक निव्वळ मोजण्याच्या रेषेमुळे पडलेला आहे. म्हणून शक्यतो एकच दवाखाना, एकच यंत्र. कागदाची मोबाइलवर काढलेली तिरकी छबी पुरेशी नसते. मूळ पीडीएफ मागून घ्यावी आणि तिच्यावर सिग्नलची ताकद दहांपैकी सहाच्या खाली तर नाही ना, तेही पाहावे. कोरडा डोळा किंवा पिकता मोतीबिंदू सिग्नल घटवतो आणि थर आहे त्याहून पातळ भासतो. आणखी एक विचारावे : डोळे खाजतात म्हणून औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेले थेंब घरात आहेत का? त्यांत स्टेरॉइड असले आणि ते महिनोन्‌महिने चालले, तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

निदान झालेच, तर रोजचे थेंब हा आता एकमेव मार्ग राहिलेला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत सुरुवातीलाच लेसर घेतलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला.

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. वय बेचाळीस, चष्मा नाही, डोळ्यांची कधी तक्रार नाही. तीन वर्षे मी त्याला सांगत होतो आणि तीन वर्षे त्याला वेळ नव्हता. गेल्या दिवाळीत बाबा फराळाचे ताट घेताना वाटीऐवजी शेजारची हवा पकडताना त्याने पाहिले. दुसऱ्या आठवड्यात त्याने पीडीएफ पाठवली. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला एक लाल पाचर आहे, नंबर शून्य. दृष्टिक्षेत्र चाचणी पुढच्या मंगळवारी आहे.